पुंगळीची दुसरी खेप

एकदा वापरलेली वस्तू पुन्हा कामास लावावी, ह्या तत्त्वाची शिकवण आमच्या पिढीस कोणी मुद्दाम दिली नाही. ती आम्हांस घरातूनच मिळाली. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या झाल्या, धोतरांचे पंचे झाले, आणि पाठकोऱ्या कागदांच्या वह्या शिवून आम्ही इंग्रजी चौथीपासून पुढच्या इयत्ता पार केल्या. तथापि उडालेल्या काडतुसाची पुंगळी उचलून, तिच्यात नवी दारू व नवी गोळी भरून ती पुन्हा बंदुकीत घालावयाची, हा काटकसरीचा प्रकार मात्र आमच्या कल्पनेच्या पलीकडचा होता. अमेरिकेत हा लाखो लोकांचा घरगुती उद्योग आहे, आणि तो करणारी माणसे साधारणपणे सौम्य, टापटिपीची व काहीशी हिशेबी असतात, असे आमच्या अवलोकनात आले. आपल्याकडील शिंपीकाम करणाऱ्या एखाद्या गृहस्थाशीच त्यांची तुलना आम्ही करू.

ह्या विषयाकडे आमचे लक्ष वळले ते आमच्या थोरल्या भगिनीमुळे. तिचा मुलगा विस्कॉन्सिन संस्थानात नोकरीस असतो. तेथे नोव्हेंबर महिन्यात नऊ दिवस बंदुकीने हरणांची शिकार करण्याचा हंगाम असतो, आणि त्या नऊ दिवसांत त्या संस्थानातील व्यवहार अर्धाअधिक थंडावतो म्हटले तरी चालेल. आमच्या भाच्याने शेजाऱ्यांच्या संगतीने हा नाद लावून घेतला. येथपर्यंत ताईने कसेबसे सोसले होते. परंतु पुढे त्याच्या तळघरात दारूचे डबे व काडतुसे भरण्याचे यंत्र आल्याची वार्ता तिच्या कानी गेली, आणि त्याच सुमारास आमचा तिकडे जाण्याचा योग आला. “तू शिकलेला आहेस. नीट बघ, आणि मला खरे काय ते सांग. तो मला नुसते ‘काही होत नाही गं आई’ एवढेच म्हणतो,” अशी तिची आज्ञा होती. आम्ही इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक. दारूगोळ्याशी आमचा संबंध शेक्सपियरच्या तोफांपलीकडे कधी आला नाही. परंतु वडील बहिणीची आज्ञा म्हटल्यावर ती टाळणे शक्य नव्हते.

काडतुसाचे भाग चार : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेली टोपी, आतील दारू आणि तोंडात रोवलेली गोळी. घोडा ओढला की टोपी पेटते, टोपी दारूस पेटविते, दारूचा वायू होतो व वायू गोळीस पुढे लोटतो. चारांपैकी तीन वस्तू त्या क्षणी संपतात. उरते ती पुंगळी, आणि काडतुसाच्या किमतीतील मोठा वाटा पुष्कळदा तिचाच असतो. तिच्या अवयवांना आम्ही आपल्या तांब्याचीच नावे देऊन टाकली, कारण आकृतीही थोडीफार तशीच आहे. खाली बूड, मग लांबट पोट, त्यावर उतरता खांदा, खांद्यावर मान आणि मानेला काठ. भाच्याला ही नावे इतकी आवडली की पुढे तो आपल्या अमेरिकन शेजाऱ्यासमोरही ‘खांदा, खांदा’ करू लागला.

आता ही पुंगळी उडताना फुगते. नळीच्या मागील कोठीत तिला चोहोंकडून पोलादाचा आधार असतो. वायूच्या दाबाने ती त्या भिंतींना घट्ट चिकटते व वायूस मागे येऊ देत नाही. दाब ओसरताच पितळ आपल्या लवचिकपणामुळे किंचित आकसते, म्हणूनच ती कोठीतून बाहेर काढता येते. परंतु ती पूर्वीइतकी बारीक होत नाही, आणि तिची मान तर इतकी सैल झालेली असते की नवी गोळी तीत उभीसुद्धा राहणार नाही. तिला पुन्हा मापात आणणे हे पहिले काम. हे काम ज्या साधनाने करावयाचे त्यास इंग्रजीत ‘डाय’ म्हणतात. हा शब्द व फाशाचा वाचक शब्द हे मुळात एकच, आणि ‘मरणे’ ह्या अर्थाच्या शब्दाशी त्याचे नाते केवळ अक्षरांपुरते आहे. ही व्युत्पत्ती आम्ही ताईस सांगितली नाही.

साचा दिसावयास अगदी साधा असतो. बोटभर लांबीची पोलादी नळी, बाहेरून आटे पाडलेली, आतून पुंगळीच्या आकाराची पोकळी घासून गुळगुळीत केलेली. तो एका तरफेच्या यंत्रात वरच्या बाजूने पिळून बसवितात. खालून एका दांड्यावर पुंगळी उभी करतात. दांडी ओढली की पुंगळी वर साच्यात शिरते, आणि दांडी सोडली की परत खाली येते. ह्या एका येरझाऱ्यात तीन कामे होतात. वर जाताना पुंगळीचे अंग आवळले जाते. साच्याच्या मध्यभागी असलेली सुई बुडातील छिद्रातून जळकी टोपी बाहेर ढकलते. आणि खाली येताना त्याच सुईवरील एक घट्ट मणी मानेतून ओढला जाऊन मानेचे आतील माप गोळीस योग्य असे करतो. सोनार तार भोकाच्या पट्टीतून ओढून तिचे माप ठरवितो, तसलाच हा न्याय. बाहेरील आट्यांचे माप बहुतेक सर्व कारखानदारांनी एकच ठेवले आहे : व्यास सातअष्टमांश इंच व दर इंचास चौदा आटे. त्यामुळे एकाचा साचा दुसऱ्याच्या यंत्रात बसतो. परस्परांचे प्रतिस्पर्धी असूनही व्यापाऱ्यांनी ग्राहकाची एवढी सोय केली, ही गोष्ट आमच्या येथील पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांनी मनन करण्याजोगी आहे.

साच्यांची निवड करू लागले म्हणजे मात्र नवशिक्याची मती गुंग होते. भाच्याच्या मेजावर सूचिपत्रांचा ढीग होता. सबंध पुंगळी आवळणारा साचा, केवळ मान आवळणारा साचा, बूड अधिक आवळणारा साचा, मानेसाठी निरनिराळ्या मापांची कडी बदलता येणारा साचा, आणि गोळी बसविताना केसाच्या अंशाने खोली ठरविणारी सूक्ष्ममापी टोपणे! किमतीही एकापेक्षा एक चढ्या. भाच्याचा कल अर्थातच सर्वांत महागाकडे होता. “मामा, एकदाच घ्यायचे, तर चांगलेच घेऊ की!” हे त्याचे म्हणणे. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. जन्मभर यंत्रशाळेत लेथवर काम करून ते निवृत्त झाले होते, आणि काडतुसे भरण्याच्या कामात त्यांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी सूचिपत्रे बाजूस सारून एकच प्रश्न विचारला : बंदूक कोणती आणि किती?

बंदूक एकच होती, खटक्याची, ‘थर्टी ऑट सिक्स’ जातीच्या काडतुसाची. हे काडतूस अमेरिकन सैन्याने १९०६ साली स्वीकारले, म्हणून त्याच्या नावात तो सहाचा आकडा राहिला आहे. म्हाताऱ्यांनी निकाल दिला की अशा माणसाने साधी दोन साच्यांची जोडी घ्यावी. त्यातला एक सबंध पुंगळी आवळणारा व दुसरा गोळी बसविणारा असला म्हणजे झाले. केवळ मान आवळणाऱ्या साच्याची पुष्कळजण तारीफ करतात, आणि तीत तथ्यही आहे. पुंगळीचे पोट त्या विशिष्ट कोठीच्या मापाचे झालेले असते, ते तसेच राखल्याने पितळास कमी त्रास होतो. परंतु अशी पुंगळी त्याच एका बंदुकीत चालते. चारपाच खेपांनंतर तीही फुगून खटका जड लागू लागतो, आणि शेवटी सबंध आवळणारा साचा आणावाच लागतो. हरणासमोर उभे असताना खटका अडला तर काटकसरीचे ते पुण्य काय कामाचे? आपोआप भरणाऱ्या बंदुकीस तर सबंध आवळलेलीच पुंगळी हवी, कारण तेथे खटका हाताच्या जोराने दाबून बसविता येत नाही. आमचे मतही म्हाताऱ्यांसारखेच पडले, पण त्याचे कारण निराळे आहे. नवशिक्याच्या हातातील सूक्ष्म उपकरण त्यास अचूकपणा देत नाही. अचूकपणाचा भास मात्र देते. महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने पाच टीकाग्रंथ घेतले व मूळ नाटक वाचले नाही, म्हणजे जे होते तेच येथे होते.

ह्या साच्यांच्या कारखान्यांचा इतिहास मोठा मौजेचा आहे. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन नावाच्या गृहस्थाने १९४३ साली, युद्धामुळे गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा, घरच्या घरी गोळ्या दाबून घडविण्याचे साचे केले. ह्या गोळ्यांची कवचे तो बावीस नंबरच्या उडालेल्या पुंगळ्यांपासून करीत असे! डोंगरी बिळांत राहणाऱ्या, खारीच्या कुळातील एका प्राण्याच्या शिकाऱ्यांसाठी ते साचे होते, म्हणून त्या प्राण्याच्या व साच्याच्या नावाची आद्याक्षरे घेऊन ‘आरसीबीएस’ हे नाव झाले, ते आजतागायत चालू आहे. रिचर्ड ली ह्याने १९५८ साली विस्कॉन्सिनमध्येच घरच्या कर्मशाळेत हातोड्याने ठोकून वापरण्याचे स्वस्त साधन काढले; त्याचा कारखाना त्याच संस्थानातील हार्टफर्ड गावी आहे. आमच्या भाच्याची जोडी शेवटी ह्या गावकऱ्याकडचीच आली, आणि ती सर्वांत स्वस्त होती.

आता वापराकडे वळू. पहिले पथ्य तेलाचे. पोलादी साच्यात कोरडी पुंगळी घातली तर ती आत रुतते, आणि दांडी जोराने ओढली की बुडाचा काठ फाटून निघतो व पुंगळी साच्यात घट्ट बसून राहते. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांसाठी कार्बाइडचे कडे बसविलेले साचे मिळतात, त्यांस तेल लागत नाही. त्यावरून रायफलीच्या मानेदार पुंगळीसही ते लागत नसावे असा तर्क भाच्याने केला, आणि त्याची पहिल्याच संध्याकाळी चौथी पुंगळी अडकली. म्हाताऱ्यांनी शांतपणे बुडास भोक पाडले, त्यात आटे कापले, स्क्रू घालून पुंगळी ओढून काढली, आणि तेलाची डबी मेजावर ठेवली. दुसऱ्या दिवशी भाच्याने तेल मुबलक लावले. तेव्हा पुंगळ्यांच्या खांद्यावर खळगे पडले. तेल दबत नाही. साच्यात ते कोंडले की पितळच आत दबते. पोटास बोटाने पातळ हात, मानेच्या आत किंचित, आणि खांद्यास मुळीच नाही, असे हे प्रमाण आहे. काडतुसास लावलेल्या चरबीवरून १८५७ साली आमच्या देशात केवढा प्रलय झाला हे म्हाताऱ्यांना ठाऊक नव्हते. आम्ही ते सांगितले. त्यांनी डबी हातात घेऊन वरील अक्षरे वाचली व ती मेणाची असल्याचे आम्हांस दाखविले.

दुसरे पथ्य साचा किती खाली पिळावयाचा हे ठरविण्याचे, आणि आमच्या मते ह्या सर्व विद्येचे मर्म येथेच आहे. साच्याबरोबर येणाऱ्या कागदावर सोपी रीत दिलेली असते : दांडा पूर्ण वर आणावा, त्यास टेकेपर्यंत साचा खाली पिळावा, मग आणखी पाव फेरा द्यावा. ही रीत कोणत्याही बंदुकीत जाईल अशी पुंगळी करण्यासाठी आहे. परंतु चौदा आट्यांचा हिशेब करून पाहा. एका फेऱ्यात साचा इंचाच्या सुमारे एकाहत्तर सहस्रांशांनी खाली उतरतो. पाव फेऱ्यात सुमारे अठरा. ह्यातील काही भाग यंत्राच्या लवण्यात जातो हे खरे. तरी आपल्या बंदुकीच्या कोठीस पाहिजे त्याहून खांदा पुष्कळ मागे ढकलला जाण्याचा संभव राहतो. खटक्याच्या बंदुकीत खांदा एक वा दोन सहस्रांश मागे गेला की पुरे, असे जाणते सांगतात. मनुष्याचा केस सुमारे तीन सहस्रांश जाड असतो. एक सहस्रांश म्हणजे साच्याचा पाच अंशांचा फिर. घड्याळाचा मोठा काटा एका मिनिटात सहा अंश फिरतो, म्हणजे त्याहूनही कमी! म्हाताऱ्यांची रीत अशी. प्रथम उडालेल्या पुंगळीचा खांदा व्हर्नियर कॅलिपरला जोडलेल्या मापाने मोजून लिहून ठेवावयाचा. मग साचा मुद्दाम वरच ठेवून पुंगळी आवळावयाची, मोजावयाची. साचा केसभर खाली, पुन्हा मोजावयाची. आणि खांदा लिहिलेल्या आकड्याच्या एकदोन सहस्रांश खाली आला की अडसराचे कडे घट्ट करून टाकावयाचे. त्या संध्याकाळी पाऊण तासात एकच साचा बसला. भाचा चुळबुळ करीत होता. आम्हांस तो पाऊण तास फार आवडला.

इतकी कीस काढण्याचे कारण काय? खांदा फार मागे गेला, तर पुंगळी कोठीत सैल राहते. बार उडताना तिचा पुढील पातळ भाग भिंतीस चिकटतो, आणि बूड मागे खटक्यापर्यंत ढकलले जाते. मधले पितळ ताणले जाते. दर खेपेस थोडे थोडे ताणून, बुडाच्या जरा वर, ते आतून झिजत जाते, आणि एके दिवशी पुंगळीचे दोन तुकडे होतात. ह्या काडतुसासाठी अमेरिकेत ठरविलेली दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचास ६०,००० पौंड आहे. मोटारीच्या चाकात तीस-पस्तीस पौंड असतो. तो वायू मागे फुटला तर त्याच्या वाटेवर बंदूकवाल्याचा डोळा असतो. ताईच्या प्रश्नाचे खरे उत्तर येथे होते. दारूच्या डब्यांत नव्हते.

म्हाताऱ्यांजवळ एक जुनी ली-एनफील्ड बंदूक होती, आपल्या पोलिसांच्या खांद्यावर आपण वर्षानुवर्षे पाहिली तीच ‘थ्री नॉट थ्री’, आणि तिच्यावर बंगालमधील इशापूरच्या कारखान्याचा छाप होता. परदेशी तळघरात तो छाप पाहून आम्हांस एकदम कोणी गाववाला भेटल्यासारखे झाले. तिच्या काडतुसाच्या बुडास बाहेर आलेला काठ असतो व तो काठच कोठीत टेकतो. खांद्यावर काही अवलंबून नसते. युद्धात चिखल, वाळू गेली तरी अडू नये म्हणून त्या बंदुकांच्या कोठ्या ऐसपैस ठेवीत. त्यामुळे पहिल्याच बाराला पुंगळीचा खांदा पार पुढे जातो, आणि तीस सबंध आवळीत राहिले तर चारदोन खेपांत ती बुडाशी तुटते. म्हणून ह्या एका बंदुकीपुरता म्हातारे केवळ मान आवळणारा साचा वापरीत. नियम त्यांनीच सांगितला होता आणि अपवादही त्यांच्याच कपाटात होता. आमच्या पुण्याजवळ खडकी येथे काडतुसांचा कारखाना १८६९ सालापासून आहे, हे ऐकून त्यांनी खोक्यातून जुन्या लष्करी पुंगळ्या काढून दाखविल्या व त्या भरण्याच्या उपयोगाच्या नाहीत असेही सांगितले. त्यांच्या बुडात मध्ये एक छिद्र नसून बाजूस दोन बारीक छिद्रे असतात. साच्याची सुई तेथे मोडते. एक छिद्राची रीत बॉक्सर ह्या इंग्रजाची, ती अमेरिकेत रूढ झाली. दोन छिद्रांची बर्डन ह्या अमेरिकनाची, ती युरोपात गेली. असा हा उलटा व्यवहार आहे.

पितळाविषयी आणखी एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेच्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप चिरत असत. पुष्कळ काळ कोणास कारण कळेना. १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन ह्या तिघांनी ते स्पष्ट केले. घडविताना पितळात राहिलेला ताण आणि तबेल्यांतील घोड्यांच्या मुताचा अमोनिया, ह्यांच्या संयोगाने दमट हवेत पितळ चिरते. उपाय म्हणजे तापवून ताण घालविणे. पुण्याच्या तांबट आळीत हे ज्ञान पिढीजात आहे. भांडे ठोकता ठोकता कडक झाले की तांबट ते भट्टीत तापवून मऊ करतो, आणि मगच पुढे ठोकतो. साच्यातून पुनःपुन्हा गेलेली मानही अशीच कडक होऊन चिरते. तिलाही मऊ करावी लागते, मात्र बूड मुळीच तापू द्यावयाचे नाही; मऊ बुडाची पुंगळी निरुपयोगीच नव्हे, तर घातक होते.

दुसऱ्या साच्याविषयी, म्हणजे गोळी बसविण्याच्या साच्याविषयी, लिहिण्याजोगे थोडे आहे. त्यात पुंगळीचे तोंड गोळीवर दाबून धरण्याचीही सोय असते. खटक्याच्या बंदुकीस तिची बहुधा गरज नाही, म्हणून साचा थोडा वर ठेवावा, नाहीतर खांदा चेपतो. मात्र त्यापूर्वी पुंगळीची लांबी मोजलीच पाहिजे. आवळल्याने पितळ पुढे सरकून मान वाढते. ह्या जातीस २.४९४ इंच ही सीमा, आणि त्यावर गेली की २.४८४ पर्यंत कापावयाची. लांब मान कोठीच्या टोकाशी दाटून गोळी सोडीत नाही व दाब भलतीकडे चढतो.

ताईस आम्ही दूरध्वनीवरून सविस्तर सांगितले. दारू मूळच्या डब्यांतच ठेवली आहे, देवघरातल्या तुपासारखी बरण्यांत ओतलेली नाही. मेजावर एका वेळी एकच जात असते. प्रमाण कारखान्याच्या छापील ग्रंथातून घेतो व खालच्या आकड्यापासून चढतो, कोणाच्या सांगीवरून नव्हे. डोळ्यांवर चष्मा असतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून काडतूस जवळ बाळगणेही गुन्हा आहे, तेथे तसे नाही, हेही सांगितले. तिने सर्व ऐकून विचारले, “आणि तो म्हातारा नसेल तेव्हा?” ह्यावर आम्हांजवळ उत्तर नव्हते. आम्ही तो प्रश्न जसाच्या तसा भाच्यापुढे ठेवला. तो थोडा वेळ गप्प बसला. मग साच्याच्या डब्याच्या झाकणाआड, आकडे लिहावयाची चिठ्ठी होती तिच्याखाली, त्याने एक वाकविलेली तार चिकटविली.

ती तार म्हणजे कागदाच्या टाचणीचे टोक आकड्यासारखे वळवून केलेले साधन. ते पुंगळीत घालून बुडाजवळच्या भिंतीवरून वर ओढावयाचे. पितळ आतून झिजले असेल तर टोक तेथे खाचेत अडते. बाहेरून कधी कधी तेथे चकचकीत कडे दिसते, कधी दिसतही नाही. आमच्या निघण्याच्या आदल्या रात्री भाच्याने पन्नास जुन्या पुंगळ्या एकट्याने तपासल्या. म्हाताऱ्यांना त्याने बोलाविले नव्हते. तीन ठिकाणी तार अडली. एकीवर त्याचा निश्चय होईना, म्हणून त्याने ती आमच्या हाती दिली. आम्हांसही तेथे काहीतरी लागले, किंवा लागल्यासारखे वाटले. त्याने ती घेतली, तिघींचीही तोंडे पकडीने चेपून टाकली, आणि त्या मोडीच्या डब्यात टाकल्या.